माइकच्या ढगातली धूळ: रॉकेट सोडून पायलट का पाठवले?

अणुस्फोट झाल्यावर जो ढग उठतो त्यात रॉकेट सोडायचं, रॉकेटच्या नाकात फिल्टर बसवायचा, ढगातून जाता जाता धूळ पकडायची आणि ते नाक पॅराशूटने समुद्रात उतरवून उचलून आणायचं. माणूस ढगाच्या आसपास पण फिरकायला नको. आयडिया ऐकायला एवढी सरळ आहे की लगेच प्रश्न पडतो, मग १९५० च्या दशकात अमेरिकेने जेटमध्ये जिवंत पायलट बसवून त्यांना त्या ढगात घातलं कशाला? घाई होती, माणसाच्या जिवाची किंमत कमी धरली, अशी उत्तरं पटकन सुचतात आणि ती अगदीच खोटी आहेत असं मी म्हणणार नाही, पण मुख्य कारण फिल्टरच्या कागदापाशी येऊन थांबतं. ते नीट कळायला एकच केस पूर्ण बघू, आयव्ही माइकची.

१ नोव्हेंबर १९५२, तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी सव्वासात. मार्शल बेटांमधलं एनिवेटोक, त्यातलं एलुगेलॅब नावाचं छोटं बेट. माइक हा टेलर-उलाम तत्त्वावरचा (आधी अणुबॉम्ब फोडून त्याच्या ऊर्जेने हायड्रोजनचं इंधन पेटवायचं) पहिला मोठा हायड्रोजन स्फोट, आराखडा रिचर्ड गार्विन यांचा. बॉम्ब म्हणायला पण जीभ अडखळते, कारण इंधन म्हणून भरलेलं द्रव ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, थंड ठेवायची सगळी यंत्रणा धरून वजन ८० टनांच्या घरात, म्हणजे विमानातून टाकायचा प्रश्नच नव्हता, ती एक इमारतच होती. ताकद निघाली १०.४ मेगाटन. बेट गेलं, त्या जागी जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आणि ५० मीटर खोल खड्डा राहिला, आणि तिथलं प्रवाळ भुगा होऊन वर गेलं. ढग दीड मिनिटात १७ किलोमीटरवर, आणि शेवटी स्थिरावला तेव्हा टोक ४० किलोमीटरच्या आसपास.

आता नमुना घ्यायला जी विमानं होती ती एफ-८४जी, एक इंजिन, एक पायलट, आणि जास्तीत जास्त उंची १२ किलोमीटरच्या थोडी वर. ढगाचा आकार अळंबीसारखा, वर छत्री आणि खाली दांडा, म्हणजे छत्रीचा तळसुद्धा त्यांच्या डोक्यावर कित्येक किलोमीटर. ते जाऊ शकत होते फक्त दांड्यात. हे लक्षात ठेवा, सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

धूळ एवढी महत्त्वाची कशाला, तर स्फोट नेमका कसा झाला हे सांगणारा दुसरा एवढा खात्रीचा साक्षीदार नाही. कॅमेरे, प्रकाशाची मापं, धक्क्याची मापं हे सगळं ताकद सांगतं, पण आतमध्ये कोणतं इंधन किती जळलं, युरेनियमच्या आवरणाने किती भर टाकली, न्यूट्रॉन किती आणि किती वेगाचे होते हे रसायनवाले धुळीतून काढतात. मॉलिब्डेनम-९९ मोजलं की किती अणू फुटले त्याचा हिशोब लागतो, युरेनियम-२३७ दिसलं की वेगवान न्यूट्रॉनांनी युरेनियम-२३८ ला झोडपलंय हे कळतं. पण मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य (अर्धे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) ६६ तास, युरेनियम-२३७ चं पावणेसात दिवस. म्हणजे नमुना आज मिळाला आणि प्रयोगशाळेत दोन आठवड्यांनी पोचला तर मॉलिब्डेनमचा तीस-पस्तिसावा भाग उरतो. घाई हौसेची नव्हती. (आणि ही धूळ किती बोलकी असते बघा, १९५४ मध्ये कॅसल ब्राव्हो या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख दाइगो फुकुर्यू मारू या जपानी मासेमारी बोटीवर पडली, आणि जपानी रसायनशास्त्रज्ञांना त्या राखेत युरेनियम-२३७ सापडलं, म्हणजे अमेरिकेने कुलूपबंद ठेवलेली रचना बोटीच्या डेकवरून वाचता आली. त्या २३ खलाशांनी त्याची जी किंमत मोजली ती वेगळीच.)

माणूस न पाठवता काम करायचा प्रयत्न झालाच नव्हता असं पण नाही. १९४६ मध्ये बिकिनीला क्रॉसरोड्स चाचण्यांत रेडिओवर चालणारी, पायलट नसलेली बी-१७ विमानं ढगात घातली होती. १९४८ च्या सँडस्टोनला पण तीच पद्धत, पण तेव्हा लेफ्टनंट कर्नल पॉल फॅकलर यांचं माणसांनी भरलेलं विमान अनवधानाने ढगात शिरलं आणि बाहेर आलं, कोणी आजारी पडलं नाही, मग लॉस अलामॉस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत हॅरल्ड प्लँक वगैरे मंडळींनी धरून लावलं की माणूसच पाठवा. मला हा युक्तिवाद आजही खटकतो, एक विमान ढगातून धडधाकट परत आलं म्हणून पद्धत सुरक्षित ठरत नाही, वीस वर्षांनी काय होईल हे त्या दिवशी कोणाला दिसणार होतं? पण त्यांचा दुसरा मुद्दा मात्र पक्का होता. ड्रोनला ढगाचा कुठला भाग चांगला ते कळत नाही. पायलटसमोर किरणोत्साराचा डोस दाखवणारा काटा असतो, डोळे असतात, नियंत्रक विमानातून कोणीतरी सांगतं की इकडून नको तिकडून जा, आणि डोस वाढला की तो वळून बाहेर पडतो.

तर माइकनंतर साधारण दीड तासाने पहिली तुकडी आत गेली, नाव रेड. लीडर लेफ्टनंट कर्नल व्हर्जिल मेरोनी. दांड्यात शिरल्यावर आतमध्ये सगळीकडे लालभडक उजेड, डोस मोजणारा काटा गरगर फिरायला लागला, आणि काही मिनिटांत ते वळून बाहेर पडले. त्यांच्यानंतर कॅप्टन बॉब हेगन आणि कॅप्टन जिमी रॉबिन्सन, रेड थ्री आणि रेड फोर. रॉबिन्सन यांचं विमान आतमध्ये ताबा सुटून गिरक्या घेत खाली आलं, ते त्यांनी सुमारे २० हजार फुटांवर सावरलं. ढगातून बाहेर पडले तर रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणं धड चालेनात, खाली पाऊस, इंधन देणारं विमान सापडेना, एनिवेटोकच्या बीकनचा (दिशा दाखवणाऱ्या रेडिओचा) सिग्नल सापडला तोपर्यंत इंधन तळाला गेलेलं. हेगन रिकाम्या टाक्यांवर तरंगत कसेबसे धावपट्टीवर टेकले, टायर फुटला, वाचले. रॉबिन्सन यांचं इंजिन बंद पडलं आणि विमान धावपट्टीच्या थोडं अलीकडे पाण्यात गेलं. किरणोत्सारापासून बचावासाठी अंगावर शिशाचं अस्तर असलेला पोशाख होता, पाण्यात तो काय करणार होता हे सांगायला नको. हेलिकॉप्टर पोचलं तेव्हा तेलाचा तवंग आणि किरकोळ वस्तू. शरीर कधीच मिळालं नाही. वय २८. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर होते, युद्धकैदेतून जिवंत परतले होते.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, रॉबिन्सन किरणोत्साराने गेले नाहीत. इंधन, बिघडलेली उपकरणं, पाऊस आणि समुद्र, याने गेले. म्हणून ‘माणूस नको, रॉकेट पाठवा’ हा विचार फक्त डोसच्या हिशोबाने करून भागत नाही, उड्डाणाचा धोका पण त्यात धरावा लागतो. आणि तो धरला की रॉकेटची बाजू आणखीच भक्कम दिसते. मग अडलं कुठे?

त्याआधी बाकीच्या विमानांनी काय आणलं ते बघू, कारण त्यावरच पुढची तुलना उभी आहे. फिल्टरचे कागद अमेरिकेला गेले. आधी प्लुटोनियम-२४४ सापडलं, जे तोवर कोणी पाहिलं नव्हतं. याचा अर्थ स्फोटात युरेनियम-२३८ ने क्षणार्धात एकामागून एक न्यूट्रॉन गिळले होते. मग बर्कलीत अल्बर्ट गिओर्सो आणि सहकाऱ्यांनी, आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि लॉस अलामॉसच्या लोकांबरोबर, त्या कागदांत ९९ वं मूलद्रव्य शोधलं, डिसेंबर १९५२ मध्ये. युरेनियमने १५ न्यूट्रॉन गिळले, २५३ वस्तुमानाला पोचलं, मग एकामागून एक सात बीटा क्षय (दर वेळी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन, म्हणजे मूलद्रव्य एक पायरी वर) होऊन आइन्स्टाइनियम-२५३. पुढे १०० वं, फर्मियम, तिथे १७ न्यूट्रॉन, आणि हातात अणू होते २०० च्या आसपास. दोनशे ग्रॅम नाही, दोनशे अणू! नंतर जास्त माल हवा म्हणून प्रवाळाचा ढिगाने उपसा करून त्यातून वेगळा काढला. हे सगळं गुपित राहिलं, १९५५ पर्यंत मूळ शोधाची कहाणी छापली गेली नाही.

दोनशे अणू. आता रॉकेटकडे वळू, कारण त्याचं गणित ह्या आकड्याशी येऊन भिडतं.

मी सरळ अंदाजाने करतो, खऱ्या कुठल्या रॉकेटची मापं नाहीत ही. समजा नाकाचं तोंड ५ सेंटीमीटर व्यासाचं. क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटीमीटर. ढगातला रस्ता १० किलोमीटर धरा. आत येईल ती हवा, २० घनमीटर. वेग सेकंदाला एक किलोमीटर असेल तर एवढं सगळं १० सेकंदांत आटोपलं. आता जेट. समजा पंखाच्या टोकाच्या टाकीत ३० सेंटीमीटर व्यासाचं तोंड, वेग सेकंदाला २०० मीटर, ढगात पाच मिनिटं. रस्ता ६० किलोमीटर, हवा चार हजार घनमीटरच्या वर. फिल्टरच्या अडथळ्यामुळे खरा आकडा कमी येईल, पण दोनशे पटीचा फरक अडथळ्याने पुसला जात नाही. वर आणखी एक, रॉकेट ज्या ३० किलोमीटरवर मजेत जातं तिथली हवा १२ किलोमीटरच्या हवेपेक्षा सतराएक पट विरळ, म्हणजे तेवढ्याच घनमीटरात येणारी हवाच मुळात नावापुरती. जिथे मोठ्या नमुन्यातून दोनशे अणू निघाले तिथे दोनशेवा हिस्सा आणून काय निघालं असतं?

मग तोंड मोठं करा ना, असं कोणीही म्हणेल. करा, पण मग तापमान बघा. वेगात येणारी हवा फिल्टरपाशी अडली की तापते. आवाजाच्या तिप्पट वेगाने, बाहेर उणे ५० सेल्सिअस असताना, अडलेल्या हवेचं तापमान साडेतीनशे सेल्सिअसच्या आसपास जातं. साधा कागदी फिल्टर तिथे करपून जातो. जेटला तीच हवा वेग कमी असल्याने उणे ३० च्या आसपासच राहते, कागदाला काहीच होत नाही. म्हणजे रॉकेटला धातूची किंवा काचतंतूंची जाळी हवी, आणि मग प्रयोगशाळेत त्या जाळीतून दोनशे अणू विरघळवून काढायचे, जाळीच्या स्वतःच्या अशुद्धीतून. साध्या कागदाचा सेल्युलोज जाळून टाकता येतो, हा फायदा रसायनवाल्यांना विचारा, त्यांच्यासाठी अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

बरं, हे पण सोडवलं समजा. आता सगळ्यात चिवट मुद्दा, आणि मला वाटतं की रॉकेटवाल्यांना खरं अडवणारा हाच.

ढगातली धूळ सगळीकडे सारखी नसते. आग थंड होताना आधी झिर्कोनियम-९५ सारखे, खूप तापमानाला घट्ट होणारे पदार्थ वितळलेल्या प्रवाळाच्या थेंबांत अडकतात. स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ चं वेगळंच. त्यांचे पूर्वज वायू असतात, क्रिप्टॉन-९० चं अर्धायुष्य ३२ सेकंद, झेनॉन-१३७ चं पावणेचार मिनिटांच्या आसपास. ते जोवर वायू आहेत तोवर थेंबात बसत नाहीत, आणि ते क्षय पावून स्ट्रॉन्शियम-सीझियमकडे सरकतात तोवर मोठे थेंब घट्ट होऊन खाली पडायला लागलेले असतात. मग हे सगळं छोट्या कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वर राहतं. म्हणजे दांड्यात, छत्रीत, छत्रीच्या वरच्या थरात, प्रत्येक ठिकाणी प्रमाण वेगळं. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तर, इथे भांड्यात तळाला करपलंय आणि वर कच्चं आहे.

एफ-८४ दांड्यातूनच गेली, त्यामुळे त्यांचा नमुना पण एकांगीच होता, हे मान्य. छत्रीतला नमुना हवा असेल तर रॉकेटच लागणार, हाच तर रॉकेटच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा. पण आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या नाकासमोर धक्कालहर उभी राहते. हवा जर तोंडात पूर्ण गिळली गेली नाही तर थोडी बाजूने ओसंडते, आणि ओसंडताना छोटे कण हवेबरोबर वळून निघून जातात, मोठे कण जडत्वामुळे सरळ आत घुसतात. म्हणजे फिल्टरवर मोठे जास्त, छोटे कमी. आणि मोठ्यांत झिर्कोनियम, छोट्यांवर स्ट्रॉन्शियम. ढगाने एकदा केलेली वाटणी रॉकेट परत एकदा करतं, आणि तीही वेगाप्रमाणे, कोनाप्रमाणे, उंचीप्रमाणे बदलणारी. वाटणी मोजायला पाठवलेल्या यंत्रानेच वाटणी केली तर आलेला आकडा ढगाचा का नळीचा? जेटच्या मंद वेगात हाच दोष असतो, पण खूप कमी आणि बऱ्यापैकी हिशोबात धरता येणारा.

राहिलं परत मिळवणं. नाक वेगळं व्हायला हवं, तोंडाचं झाकण वेळेवर उघडून वेळेवर बंद व्हायला हवं (नाहीतर खाली येताना समुद्राजवळची हवा पण गोळा होते आणि पाणी पण शिरतं), पॅराशूट उघडायला हवं, तरंगायला हवं, बीकन वाजायला हवा, पाण्यात रंग सुटायला हवा. आणि मग बोट किंवा हेलिकॉप्टर घेऊन कोणीतरी जायला हवं, त्या पाण्यात, जिथे वरून तीच धूळ पडतेय. हे सगळं लवकरात लवकर, कारण मॉलिब्डेनम थांबत नाही. म्हणजे माणूस काढून टाकला असं वाटतं, प्रत्यक्षात तो कॉकपिटमधून उठून बोटीत बसला. बोटीत धोका कमी हे खरं, पण शून्य नाही, आणि नमुना हाती लागेल याची खात्रीही नाही. पॅसिफिकमध्ये एक डबा शोधणं काय असतं ते रॉबिन्सन यांच्या शोधात दिसलंच, अख्खं विमान धावपट्टीजवळ पडलं तरी ते हाती आलं नाही.

१९५६ च्या रेडविंग चाचण्यांत रॉकेट वापरली गेली, एएसपी नावाची, पण तिथे शहाणपण असं केलं की काहीही परत आणायचं नाही. रॉकेटमध्ये किरणोत्सार मोजणारं उपकरण, रेडिओवरून आकडे खाली, रॉकेट समुद्रात गेलं तर गेलं. ढगात कुठल्या उंचीला किती किरणोत्सार आहे याचा नकाशा काढायला हे उत्तम, कारण मोजायला हवा गिळावी लागत नाही, फक्त आरपार जायचं. माझ्या मते रॉकेटचं खरं काम हेच होतं. १९५८ च्या हार्डटॅक चाचण्यांत फॉलआउट (ढगातून खाली पडणारी किरणोत्सारी धूळ) मोजायच्या एकाच प्रकल्पात विमान आणि रॉकेट दोन्हींनी नमुने घ्यायचं ठरलं, यावरूनच कळतं की एकट्या रॉकेटच्या भरवशावर कोणी बसायला तयार नव्हतं. आणि १९६२ मध्ये, डॉमिनिक मालिकेत, ख्रिसमस बेटाच्या चाचण्यांना परत बी-५७ विमानंच, आत माणसं बसलेली.

उंचावरच्या हवेसाठी रॉकेटला आणखी एक प्रतिस्पर्धी आला, फुगा. अमेरिकेने १९५० च्या दशकात फुग्यांवर पंप आणि फिल्टर लावून २७ किलोमीटर आणि त्याहून वरची हवा गाळायला सुरुवात केली, आणि २० किलोमीटरपर्यंत यू-२ ही खूप उंच उडणारी विमानं होतीच. फुगा संथ, तासन्‌तास थांबतो, हवा भरपूर गाळतो, फिल्टर करपत नाही, कणांची निवड होत नाही. रॉकेटचे जवळजवळ सगळे दोष त्याला नाहीत, फक्त ताज्या ढगात वेळेवर नेऊन उभा करता येत नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा एक ट्रान्झिट उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि त्यावरचं स्नॅप-९ए हे अणु-वीजयंत्र हिंद महासागराच्या वर सुमारे ५० किलोमीटरवर जळालं, त्यातलं किलोभर प्लुटोनियम-२३८ हवेत गेलं. ५० किलोमीटर म्हणजे फुग्याच्या आवाक्याबाहेर, रॉकेटचीच जागा. तरी ते पहिल्यांदा पकडलं ऑगस्टमध्ये फुग्याने, ३३ किलोमीटरवर. चार महिने माल खाली यायची वाट बघितली, झालं. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य ८८ वर्षं, तिथे घाई कसली.

म्हणजे जिथे थांबता येतं तिथे फुगा जिंकतो, आणि जिथे थांबता येत नाही तिथे नमुना मोठा लागतो, तो रॉकेट देत नाही. विमान आणि कागद मधे टिकून राहिले. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला स्फोट केला तेव्हा अमेरिकेला प्लुटोनियमची अपेक्षा होती, हवेतून गाळलेल्या धुळीत निघालं युरेनियम-२३५, सगळे चाट पडले. ९ ऑक्टोबर २००६ ला उत्तर कोरियाने जमिनीखाली स्फोट केला, ११ तारखेला घेतलेल्या हवेच्या नमुन्यात किरणोत्सर्गी अवशेष मिळाले आणि १६ तारखेला अमेरिकेने ते जाहीर केलं. अमेरिकी हवाई दलाकडे ह्या कामासाठी आजही डब्ल्यूसी-१३५ विमानं आहेत, बाजूला हवा घेणारे पॉड (बाहेर बसवलेले डबे), आत फिल्टरचे कागद बदलणारी माणसं.